हक्काचा एक तास : वृद्ध स्त्रियांचे योगवर्ग

दरवर्षी २१ जून जवळ आला की योगाचा मोठा गाजावाजा होतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ डिसेंबर २०१४ रोजी ठराव करून हा दिवस आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून जाहीर केला आणि २०१५ पासून तो साजरा होऊ लागला. मैदाने भरतात, सतरंज्या अंथरल्या जातात, मंत्री आसने करतात, त्यांची छायाचित्रे छापून येतात. आणि २२ जूनला मैदान पुन्हा रिकामे होते. हा देखावा पाहून पुरोगामी चळवळीतील पुष्कळ कार्यकर्त्यांच्या मनात योग या शब्दाविषयीच अढी बसली आहे. योग म्हणजे सरकारी समारंभ, सुखवस्तू वर्गाचा छंद किंवा धर्माच्या नावाने चाललेल्या राजकारणाचे आणखी एक साधन, असे त्यांना वाटते. ही समजूत सर्वस्वी निराधार आहे असे म्हणता येणार नाही. परंतु तिच्यामुळे एका महत्त्वाच्या गोष्टीकडे चळवळीचे दुर्लक्ष होत आहे.

महाराष्ट्राच्या शहरांत आणि तालुक्यांच्या गावी समारंभाशी काडीचाही संबंध नसलेले लहान लहान योगवर्ग वर्षभर चालत असतात. कोठे शाळेच्या खोलीत, कोठे देवळाच्या सभामंडपात, कोठे इमारतीच्या गच्चीवर, तर कोठे उद्यानाच्या एका कोपऱ्यात. या वर्गांना येणाऱ्यांत साठी ओलांडलेल्या स्त्रियांची संख्या नजरेत भरण्याजोगी असते. त्या तेथे का येतात, तेथे त्यांना नेमके काय मिळते, आणि ज्यांना त्याची सर्वांत अधिक गरज आहे त्याच स्त्रिया तेथे का दिसत नाहीत, याचा विचार समाजवादी कार्यकर्त्यांनी करावयास हवा. कारण वरवर खाजगी वाटणारा हा विषय मुळात सार्वजनिक आहे.

श्रम म्हणजे व्यायाम नव्हे

जन्मभर घरकाम केलेल्या बाईला व्यायामाची काय गरज, असा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो. आणि विचारणारे पुरुषच असतात असेही नाही. त्यात तथ्य असल्याचा भास होतो. आज सत्तरीत असलेल्या स्त्रीने पाटा-वरवंटा चालविला आहे, विहिरीवरून किंवा सार्वजनिक नळावरून पाणी भरले आहे, उकिडवे बसून धुणी धुतली आहेत, चुलीपुढे नाहीतर स्टोव्हपुढे वाकून दोन वेळचा स्वयंपाक रांधला आहे. एवढी हालचाल झाल्यावर आणखी आसने कशाला?

परंतु श्रम आणि व्यायाम या दोन भिन्न गोष्टी आहेत. श्रमात शरीर कामाच्या सोयीने वळते. तेच सांधे आणि तेच स्नायू त्याच दिशेने वर्षानुवर्षे झिजत राहतात. व्यायामात मात्र शरीराच्या गरजेप्रमाणे हालचाल ठरते. चाळीस वर्षे पुढे वाकून राबलेल्या पाठीला मागच्या बाजूस वळण्याची गरज असते, आणि भुजंगासन किंवा मार्जारासन यांत ती भागते. कमरेवर मूल आणि डोक्यावर हंडा वाहिलेल्या खांद्यांना ताण सोडून देण्याची सवय नव्याने लावावी लागते. भिंतीला हात लावून केलेले वृक्षासन शरीराला तोल सांभाळावयास शिकविते, आणि या वयात तोलाला फार महत्त्व आहे. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांच्या हाडांचा ठिसूळपणा वेगाने वाढतो. अशा स्थितीत न्हाणीघरात पाय घसरणे ही किरकोळ घटना राहत नाही. खुब्याचे हाड मोडले की कित्येक वृद्धा पुन्हा पूर्ववत हिंडूफिरू शकत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत पासष्ट वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढविणारे व्यायाम करावेत असे सांगितले आहे, ते याच कारणाने.

हे ज्ञान महाराष्ट्राला परके नाही. श्री योगेंद्र यांनी १९१८ साली मुंबईत योगसंस्था काढून गृहस्थाश्रमी माणसांसाठी योगाची दारे उघडली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि यौगिक क्रियांची क्ष-किरणांच्या साहाय्याने व प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली. सीतादेवी योगेंद्र यांनी स्त्रियांच्या योगाभ्यासावर पुस्तक लिहिले ते १९३४ साली. नागपुरात जनार्दनस्वामींनी १९५१ पासून योगाभ्यासी मंडळाच्या द्वारे विनामूल्य शिक्षणाचा पायंडा पाडला. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, पट्टा, दोर आणि लाकडी ठोकळे यांचा आधार घेऊन आजारी व वयस्क माणसांनाही आसने करता येतील अशी पद्धत बसविली. त्यांच्या शिष्यांत बेल्जियमची राणी एलिझाबेथ होती आणि तिने वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर शीर्षासनाचे धडे घेतले होते. राणीला ऐंशीनंतर घरी येऊन शिकविणारा गुरू लाभू शकतो. लालबागच्या चाळीत खानावळ चालवून गुडघे झिजविलेल्या बाईला साठीनंतर भिंतीचा आधार घेऊन उभे राहावयास शिकविणारे कोणी मिळते काय, हा खरा प्रश्न आहे.

दिवसाउजेडी विसावा

वर्गाच्या शेवटी शवासन असते. हातपाय सैल सोडून, डोळे मिटून उताणे पडावयाचे आणि श्वासाकडे लक्ष द्यावयाचे. शिकविणाऱ्यांच्या दृष्टीने हे सर्वांत सोपे आसन आहे. नव्याने येणाऱ्या वृद्ध स्त्रियांना मात्र तेच सर्वांत अवघड जाते. कोणी मध्येच डोळे उघडते, कोणी पदर सावरते, कोणी उठून बसते. याचे कारण त्यांच्या शरीरात नाही, आयुष्यात आहे. आजारी नसताना, दिवसाउजेडी, सर्वांच्या देखत आडवे पडणे हा या पिढीच्या स्त्रीला जन्मभर अपराध वाटत आला आहे. सासरी दुपारी पाठ टेकली तरी कोणाची चाहूल लागताच उठून बसण्याची सवय जिच्या अंगवळणी पडली आहे, तिला विसाव्याचा हक्क एका दिवसात पटणे शक्य नाही. कित्येकींना त्यासाठी महिने लागतात.

या संकोचामागे अर्थकारण आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली केलेल्या वेळ-वापर पाहणीनुसार बिनमोल घरकाम करणारी स्त्री त्यासाठी दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे देते, तर ते करणारा पुरुष ९७ मिनिटे देतो. आणि असे काम मुळीच न करणाऱ्या पुरुषांची गणना या ९७ मिनिटांत नाही. वय वाढले म्हणून हा भार आपोआप उतरत नाही. कारखान्यातील किंवा कचेरीतील पुरुष अठ्ठावन्नाव्या वा साठाव्या वर्षी निवृत्त होतो, त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो, आणि दुसऱ्या दिवशीपासून त्याचा वेळ त्याचा होतो. गृहिणीच्या कामाला निवृत्तीचे वय नाही. मुलगा आणि सून नोकरीला जात असतील तर नातवंडांचे खाणेपिणे, शाळेची ने-आण, गॅसचा नंबर, कामवालीची वाट पाहणे हे सारे तिच्याकडेच येते. हे काम ती प्रेमाने करते यात शंका नाही. पण प्रेमाने केलेल्या कामालाही सुट्टी लागते, हे घरातील माणसे सहसा ध्यानात घेत नाहीत.

म्हणून योगवर्गाचा एक तास केवळ आसनांचा तास नसतो. “सात ते आठ मी घरी नाही” असे ती घरात सांगू शकते, आणि कुटुंबाला ते मान्य करावे लागते. वैद्यांनी सांगितले आहे, गुडघ्यांसाठी जाते, असे कारण तिला द्यावे लागते हे खरे. स्वतःच्या इच्छेचे कारण अजून पुरेसे ठरत नाही. तरीही घराच्या वेळापत्रकात तिच्या नावाचा एक तास प्रथमच नोंदला जातो. ही गोष्ट लहान मानण्याचे कारण नाही.

कुंकवावाचून मिळणारा सहवास

वृद्ध पुरुषाला गावात आणि शहरात बसावयास जागा असते. पार असतो, कट्टा असतो, वाचनालय असते, बागेतील बाक असतो. तेथे तो तासन्‌तास बसला तरी त्याला कोणी हटकत नाही. स्त्रियांच्या एकत्र येण्याला मात्र परंपरेने नेहमीच काही निमित्त ठेवले, आणि त्या निमित्ताला अटी जोडल्या. हळदीकुंकवाला सवाष्ण हवी. मंगळागौरीला नवविवाहिता हवी. डोहाळजेवण, बारसे, ओटीभरण या सर्व प्रसंगी विधवेने मागे राहावे असा शतकानुशतकांचा दंडक होता आणि आजही तो पुरता मोडलेला नाही. भजनी मंडळाने हे दार काहीसे उघडले. पण तेथेही आळी, जात आणि भावकी यांच्या रेघा पुष्कळदा तशाच राहिल्या.

आता वस्तुस्थिती अशी की वृद्ध स्त्रियांत विधवांचे प्रमाण वृद्ध पुरुषांतील विधुरांपेक्षा कितीतरी अधिक असते. स्त्रीचे लग्न तिच्याहून मोठ्या पुरुषाशी लावले जाते आणि आयुर्मान स्त्रीचे अधिक असते. तेव्हा परिणाम उघडच आहे. २०११ च्या जनगणनेत देशात साठ वर्षांवरील माणसे १० कोटींहून अधिक होती आणि त्यांत स्त्रियांची संख्या सुमारे ५ कोटी २८ लाख होती. यांतील फार मोठ्या समूहाला परंपरेने दिलेली एकत्र येण्याची निमित्ते नवऱ्याच्या मृत्यूबरोबर संपलेली असतात.

योगवर्गात कपाळावर कुंकू आहे की नाही हे कोणी पाहत नाही. तेथे पाहिले जाते ते गुडघा किती वाकतो आणि श्वास कोठे अडकतो. सतरंजीला सतरंजी लावून बसलेल्या स्त्रियांत कोणी शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली असते, कोणी भाजी विकलेली असते, कोणी आयुष्यभर घराबाहेर पडलेली नसते. एकीच्या खांद्याचा आधार घेऊन दुसरी तोल सांभाळते. शिवाशिवीच्या संस्कारात वाढलेल्या पिढीसाठी हा स्पर्श सामान्य नाही. चाळीस वर्षे जिला ‘अमक्याची आई’ आणि पुढे ‘तमक्याची आजी’ म्हणून ओळखले गेले, तिला येथे तिच्या नावापुढे ‘ताई’ लावून हाक मारली जाते.

वर्ग संपल्यावर लगेच कोणी उठत नाही. गप्पा होतात, डब्यातील चार लाडू वाटले जातात, रक्तदाबाच्या गोळ्यांची तुलना होते, सुनेच्या तक्रारी होतात आणि तिचे कौतुकही होते. नोव्हेंबर महिन्यात निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यावयाचा असतो, तेव्हा चौघीजणी मिळून बँकेत जातात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला सोबत कोण जाणार, हे येथेच ठरते. सलग तीन दिवस एखादी आली नाही तर चौथ्या दिवशी तिच्या दारात कोणीतरी उभी राहते. एकट्या राहणाऱ्या वृद्धेच्या जिवाला याहून मोठा आधार दुसरा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२३ मध्ये एकाकीपणाच्या प्रश्नावर स्वतंत्र आयोग नेमला. एकाकीपणा हा मनाचा हळवेपणा नसून प्रकृतीला धोका आहे, हे आता वैद्यकशास्त्रही सांगत आहे. वर्गातील स्त्रियांना ते अनुभवाने आधीच समजले आहे. गुडघे बरे वाटतात म्हणून त्या आल्या. मैत्रिणी मिळाल्या म्हणून त्या टिकल्या.

ज्या येऊ शकत नाहीत

येथवरचे चित्र आशादायक आहे; पण ते अपुरे आहे. खाजगी वर्गाला शुल्क असते. केंद्र सरकारच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत दारिद्र्यरेषेखालील साठ ते एकोणऐंशी वर्षांच्या व्यक्तीसाठी केंद्राचा वाटा दरमहा अवघा २०० रुपये आहे. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेखाली निराधार वृद्धाला दरमहा १,५०० रुपये मिळतात, तेही पासष्टाव्या वर्षानंतर. दिवसाला पन्नास रुपयांत जगणाऱ्या स्त्रीपुढे योगवर्गाचे शुल्क ठेवणे ही क्रूर थट्टा होईल.

शुल्क माफ केले तरी वेळेचा प्रश्न उरतो. बहुतेक वर्ग सकाळी सहा ते आठ या वेळात असतात. धुणीभांडी करणारी बाई त्या वेळी दुसऱ्याच्या घरी भांडी घासत असते. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला खरा. परंतु त्याखालील नोंदणी साठ वर्षांपर्यंतच होते, आणि साठीनंतर काम सुटते असा अनुभव कोठेच नाही. हात चालतात तोवर ती काम करते आणि हात थांबले की घरात पडून राहते. योगवर्गाची सर्वांत अधिक गरज तिला आहे, आणि वर्गाचे वेळापत्रक तिच्यासाठी आखलेलेच नाही.

या स्त्रियांचे चळवळीवर ऋण आहे, हे येथे स्मरणे योग्य होईल. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या पुढाकाराने मुंबईच्या स्त्रिया महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. त्या वेळी पंचवीस वर्षांची असलेली स्त्री आज पंचाहत्तरीच्या पुढे गेली आहे. १९७५ साली गिरणगावातील खानावळवाल्या बायकांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरातील चुली ज्यांनी कशाबशा पेटत्या ठेवल्या, त्याही आता वृद्ध झाल्या आहेत. मोर्चासाठी, सभेसाठी आणि मतासाठी ज्यांना हाक दिली, त्यांच्या म्हातारपणाविषयी चळवळीने काही बोलू नये, हे शोभणारे नाही.

आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप धर्माचा. वर्गाच्या आरंभी अमुक प्रार्थना म्हटलीच पाहिजे, भिंतीवर अमुक तसबीर असलीच पाहिजे अशी सक्ती जेथे असेल, तेथे मुसलमान, बौद्ध किंवा ख्रिस्ती स्त्री येणार नाही, आणि येऊ नये असाच त्या सक्तीचा हेतू असू शकतो. त्यावर उपाय वर्गाकडे पाठ फिरविणे हा नाही. जेथे सर्व धर्मांच्या स्त्रिया निःसंकोच बसू शकतील असे वर्ग उभे करणे, हा आहे. गुडघेदुखीला धर्म नसतो. श्वासाला तर नसतोच. कुवलयानंदांनी योग प्रयोगशाळेत नेला, तो परंपरेचा सर्वांत निरोगी धागा आहे आणि तो हाती धरावयास कोणाचीही हरकत असू नये.

दुसरा आक्षेप असा की योगाचे कौतुक म्हणजे सार्वजनिक आरोग्यसेवेच्या दुरवस्थेवर पांघरूण. हा धोका खरा आहे. मधुमेह, कर्करोग वा हृदयविकार आसनांनी समूळ नाहीसा होतो असे सांगणारे बाबा आणि बुवा कमी नाहीत. त्यांचा निषेधच केला पाहिजे. योगवर्ग रुग्णालयाची जागा घेऊ शकत नाही. उच्च रक्तदाब असलेल्या वृद्धेला श्वास रोखून धरण्यास लावणे किंवा ठिसूळ हाडांच्या स्त्रीला जोराने पुढे वाकविणे अपायकारक ठरू शकते. म्हणूनच शिक्षिका प्रशिक्षित हवी आणि वर्गाचा दवाखान्याशी संबंध हवा.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पेन्शन, रेशन, घरकुल हे प्रश्न सुटले नसताना योगवर्गाचे काय घेऊन बसलात, असे कोणी विचारील. परंतु श्रमिक माणसाला भाकरीपलीकडे काही लागत नाही, हा विचार समाजवाद्यांचा नव्हे. आठ तासांच्या दिवसासाठी कामगार लढले, तेव्हा त्यांनी कामाइतकाच विश्रांतीचा आणि स्वतःच्या वेळेचा हक्क मागितला होता. राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत १९४१ पासून शरीर आणि मन एकत्र घडविण्याचा जो प्रयत्न झाला, त्यामागेही हीच दृष्टी होती. तीच दृष्टी आता सत्तरीतील स्त्रीपर्यंत नेली पाहिजे. शिवाय ज्या स्त्रिया रोज एकत्र बसतात, त्याच उद्या रेशनच्या प्रश्नावर एकत्र उठतात, हा संघटनेचा जुना अनुभव आहे.

करावयाचे काय?

दिल्लीचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथील राज्य सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये नागरिकांच्या गटांना त्यांच्या वस्तीत विनामूल्य योगशिक्षक देण्याची योजना सुरू केली. वर्ष पुरे होण्याच्या आतच, २०२२ च्या अखेरीस, सरकार आणि नायब राज्यपाल यांच्या वादात ती बंद पडली. मुंबई महापालिकेनेही २०२२ साली ‘शिव योग केंद्रे’ सुरू केली. अशा योजना स्वागतार्ह आहेत. पण कोणा एका नेत्याच्या नावावर वा कृपेवर चाललेली सोय त्याच्या मर्जीबरोबर जाते. पाण्याचा नळ जसा कोणाची मेहेरबानी नाही, तसाच वृद्धांच्या एकत्र येण्याच्या जागेचा प्रश्न नागरी सुविधांत मोडला पाहिजे आणि त्याची तरतूद अंदाजपत्रकात दिसली पाहिजे.

त्यासाठी मागण्या साध्या आहेत. महापालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषद यांच्या शाळांतील तळमजल्याची एक खोली शाळेच्या वेळेबाहेर वृद्धांच्या वर्गासाठी विनाभाडे मिळावी. तेथे स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि दहा-वीस भक्कम खुर्च्या असाव्यात. कारण जमिनीवर बसू न शकणाऱ्या स्त्रीलाही खुर्चीवर बसून योग करता येतो. वर्ग केवळ पहाटे न ठेवता दुपारी तीन-चारच्या सुमारासही असावा, म्हणजे घरकाम करणाऱ्या बायकांना येता येईल. शिक्षिकेला नियमित मानधन मिळावे. सेवाभावाच्या नावाखाली तिलाही फुकट राबविले तर अन्याय फक्त एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे सरकेल. केंद्राच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या कामात योगवर्गांचा समावेश आहे. ते वर्ग प्रत्यक्षात भरतात की कागदावरच राहतात, याची चौकशी प्रत्येक तालुक्यात कार्यकर्त्यांना करता येईल. त्याच केंद्राच्या परिचारिकेने महिन्यातून एकदा वर्गात येऊन रक्तदाब आणि साखर तपासावी, ही अपेक्षाही अवास्तव नाही.

सरकारची वाट पाहण्याचीही आवश्यकता नाही. पक्षाची कार्यालये, कामगार संघटनांची सभागृहे, वाचनालये दुपारच्या वेळी बहुतेक बंदच असतात. त्यांच्या किल्ल्या वस्तीतील वृद्ध स्त्रियांच्या हाती देण्यास ठरावाची गरज नाही. कार्यकर्त्यांनी आधी वस्तीत जाऊन त्यांना विचारावे : कोणती वेळ सोयीची, किती अंतर चालवते, जिना चढवतो की नाही. एवढे विचारण्यासाठीही त्यांच्या दारात आजवर फारसे कोणी गेलेले नाही. आणि त्या तासाभरात सुनेला वा मुलाला घरचे काम उरकावे लागले, तर ते शिक्षणही घरोघरी व्हावयास हवेच आहे.